डोंगर काळा झाला, तर पऱ्ह्यात उतरू नका

लावणी आटपली. पॉवर टिलर धुऊन पडवीत उभा राहिला, घोंगड्या वलणीवर गेल्या, पायांच्या चिखल्यांना खोबरेल तेल लागले. बेणणीला अजून आठ-दहा दिवस अवकाश आहे. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या घरात असे मोकळे दिवस फार थोडे येतात, आणि नेमके याच दिवसांत मुले विचारतात, "रविवारी धबधब्यावर जायचे का?"

पूर्वी आपल्याकडे हे कोणी विचारीत नसे. पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, हा गुरांना पाणी दाखविण्याचा, चढणीचे मासे धरण्याचा आणि दगडाखालच्या कुर्ल्या काढण्याचा. तो नुसता पाहावयासही जायचे असते, हे आपल्याला मुंबई-पुण्याच्या मंडळींनी शिकविले. आता निवळीचा धबधबा, चिपळूणजवळचा सवतसडा, उक्षी स्टेशनाजवळचा रानपाट, खेडचा रघुवीर घाट, कोठेही रविवारी जा, गाड्यांची रांग लागलेली असते. आणि आपल्याच वाडीतली मुले एका मोटारसायकलवर तिघे बसून त्या गर्दीत सामील होतात.

त्यांना अडवा, असे मी म्हणणार नाही. उलट, वाचकहो, तुम्ही स्वतः त्यांना घेऊन जा. ज्याने भातखाचरात बांध फुटताना पाहिला आहे, त्याला पाण्याची जी जाण असते ती शहरातल्या पाहुण्याला नसते. मात्र ही जाण आपण शेताच्या बांधावरच ठेवून जातो आणि धबधब्यावर पोचलो की पाहुण्यासारखेच वागतो. मी स्वतः तसा वागलो आहे. ती हकिगत पुढे सांगणार आहे.

मी पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी. भात, आंबा, काजू हा माझा विषय. पण नोकरीची तीस वर्षे डोंगरउतारावरचे पाणी कसे धावते आणि ते कसे अडवावे हे सांगण्यात गेली, तेव्हा धबधब्यावर चार शब्द लिहिण्याचा थोडा हक्क मला आहे असे धरून चालतो.

मार्लेश्वराची वाट

आपल्या जिल्ह्यात दरी आणि रान एकत्र पाहावयाचे तर मार्लेश्वरासारखे ठिकाण नाही. संगमेश्वर तालुक्यात देवरूखहून मारळच्या दिशेने निघालो की पंधरा-वीस किलोमीटरांत जमीन कशी बदलते ते पाहा. आधी जांभ्याचे सडे आणि त्यांवरचे लुसलुशीत गवत, मग दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात, खाचरे अरुंद होत जातात, आणि शेवटी समोर सह्याद्रीची भिंतच उभी राहते. तिच्या अंगावरून पांढऱ्या दोऱ्या सोडाव्यात तसे पाणी उतरत असते. मोजावयास गेलात तर मोजणी चुकते, कारण ढग सरकला की दोन दोऱ्या नव्या दिसतात आणि तीन नाहीशा होतात.

पायऱ्या शेकड्यांनी आहेत. म्हाताऱ्या माणसांनी सावकाश चढावे. वाटेवर ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ अशी आपली ओळखीची झाडे, खाली दिंडा आणि पेवा माजलेला. पहाटे गेलात तर पाण्याच्या आवाजावरूनही ऐकू येईल अशी शीळ कानावर पडेल. एखादा उनाड मुलगा शीळ घालतो आहे असे वाटते, पण तो शीळकरी कस्तुर नावाचा पक्षी. पाण्याच्या काठी राहणारा आहे, म्हणून त्याचा गळाही त्या आवाजावर मात करील असाच घडलेला.

वर गुहेत महादेवाचे स्थान आहे. समयांच्या उजेडात दर्शन घ्यावयाचे. गुहेच्या कपारींत साप असतात आणि ते कोणाला काही करीत नाहीत, असे भाविक सांगतात. मी इतकेच सांगेन की कपारीत हात घालू नये, मग देव कोणताही असो. गुहेच्या पलीकडे धारेश्वराचा धबधबा दरीत कोसळतो. हेच पाणी पुढे बावनदी होऊन वाहते. संगमेश्वराहून रत्नागिरीकडे जाताना मुंबई-गोवा रस्त्यावर आपण जी नदी ओलांडतो, तीच ही. पुलावरून तिचे पाणी कितीदा पाहिले असेल, पण ते जन्मते कोठे हे फार थोड्यांनी पाहिलेले असते.

दरी अशी उभी कापल्यासारखी का, असे मुले विचारतील. त्यांना सांगा, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला आणि थरावर थर बसत गेला. घावन घावनावर ठेवावे तसे. काही थर लोखंडासारखे कठीण, काही मऊ, मधूनमधून तांबड्या भाजल्या मातीचे. पाणी मऊ थर आतून खाते, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि एके दिवशी तुटून पडतो. म्हणून कडा उभाच्या उभा राहतो आणि पायथ्याला पडलेल्या धोंड्यांचा ढीग दिसतो. ते धोंडे कोणी आणून टाकलेले नाहीत, वरून आलेले आहेत आणि अजूनही येतात. धबधब्याच्या नेमके खाली उभे राहून डोक्यावर धार घेण्याची जी हौस आहे, ती या कारणाने वाईट. पाण्याबरोबर मुठीएवढा दगड आला तरी पुरे.

एका गुंठ्याचा हिशेब

आता आपल्या कामाचा हिशेब करू. सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही नवल नाही. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरते सुमारे १० हजार लिटर. म्हणजे उन्हाळ्यात ज्याची आपण वाट पाहतो तो भरलेला एक टँकर. एकरावर असे ४० टँकर. तुमच्या पऱ्ह्याच्या वर डोंगराचा उतार शंभर एकर असला, आणि शंभर एकर म्हणजे डोंगराची एक लहानशी कूसच, तरी झाले चार हजार टँकर. ते सगळे एका घळीतून, बैलगाडी जेमतेम जाईल इतक्या रुंदीतून, खाली यावयाचे.

आणि यायला वेळ किती? सह्याद्रीचा माथा ते समुद्र हे अंतर आपल्या भागात पन्नास-साठ किलोमीटर. मार्लेश्वराच्या वरच्या धारेवर पडलेला जो थेंब पूर्वेकडे वळतो, तो वारणेतून कृष्णेत जातो आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच्या शेजारी पडलेला दुसरा थेंब पश्चिमेकडे वळला, तर कड्यावरून उडी टाकून लगेच आपल्या खाडीकडे निघतो. म्हणून आपल्या नद्या चढतात झटकन आणि उतरतातही झटकन.

यातली खरी मेख अशी, की पाऊस वर पडतो आणि पाणी खाली वाढते. तुम्ही जेथे बसून भाकरी खाता तेथे कडक ऊन असू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत लहान मुले होती. एकमेकांना घट्ट धरून ती प्रवाहाच्या मध्ये उभी होती, हे चित्र पुष्कळांनी आपल्या मोबाइलवर पाहिले असेल. लोक म्हणाले, असे कसे गेले मध्यभागी? मला तसे म्हणवले नाही, कारण मी गेलो होतो.

सासुरवाडीचा पऱ्ह्या

गोष्ट २००८ सालच्या ऑगस्टमधली. सौ.च्या माहेरी दोन दिवस गेलो होतो. त्या वर्षी मी गावोगाव पाणलोटाचे प्रशिक्षण देत फिरत होतो. फळ्यावर डोंगर काढायचा, बाण काढायचे, पाणी कसे एकवटते ते दाखवायचे. मुलगी आठ वर्षांची. तिला घराच्या मागच्या पऱ्ह्यावरचा लहान धबधबा पाहावयाचा होता. निघताना सासरे ओटीवर बसले होते. त्यांनी डोंगराकडे पाहिले आणि म्हणाले, "जावईबापू, डोंगर काळा झालाय. आज पऱ्ह्यात नको."

अंगणात ऊन होते. मी हसून म्हटले, "मामा, तासाभरात येतो." त्यांनी पुन्हा काही म्हटले नाही. जावयाला दोनदा कसे सांगायचे, हा आपल्याकडचा रिवाज.

धबधबा पलीकडच्या अंगाने चांगला दिसतो, म्हणून आम्ही तिघे दगडांवरून पाय देत पऱ्ह्या ओलांडून गेलो. पाणी घोट्याइतके, काचेसारखे स्वच्छ. अर्धा तास बसलो. मुलगी पाने सोडीत होती, ती कशी भोवऱ्यात फिरतात ते पाहत होती. मी तिला काहीतरी शहाणपणाचे सांगत असणार. एकदम तिने विचारले, "बाबा, आपला दगड कुठे गेला?"

ज्या मोठ्या दगडावर पाय देऊन आम्ही आलो होतो, तो दिसत नव्हता. पाणी अजून स्वच्छच होते, पण आवाज बदलला होता. वर कोणीतरी गिरणी सुरू केल्यासारखा. मग पाण्याबरोबर कारवीच्या काठ्या आणि पाला आला, आणि पाहता पाहता पाण्याला चहाचा रंग चढला. मी मुलीला खांद्यावर घेतले. पाणी गुडघ्याइतकेच दिसत होते, दहा पावलांचे अंतर, झटकन जाऊ असा माझा बेत. सौ.ने माझा दंड धरला आणि म्हणाली, "जायचं नाही." ती त्या पऱ्ह्याच्या काठी वाढलेली. मी दोनदा ओढून पाहिले, तिने दंड सोडला नाही.

दहा मिनिटांत तेथे छातीइतके पाणी होते. आम्ही वर चढून एका किंजळीच्या बुंध्याशी बसलो. पलीकडे सासरे चौघांना घेऊन आले. जवळ दोर होता, पण दोर टाकण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. हात वर करून बसून राहा अशी खूण केली आणि स्वतः घोंगडी पांघरून समोर बसले. तीन तास ते तिकडे, आम्ही इकडे. बोलणे ऐकू येत नव्हते. दिवेलागणीच्या सुमारास पाणी उतरले, दगडाची पाठ दिसू लागली, मग त्यांनीच अलीकडे येऊन नातीला पाठीवर घेतले. घरी गेल्यावर कोणी एक शब्द बोलले नाही. सासूबाईंनी कुळथाचे पिठले आणि भात वाढला. सासरे पुढे बारा वर्षे होते, त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला वाटते, त्यांनी एकदा रागवायला हवे होते.

वाहत्या पाण्याविषयी एक गोष्ट मी पुस्तकात शिकलो होतो आणि त्या दिवशी विसरलो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो. शांत खाचरात गुडघाभर पाण्यात आपण दिवसभर उभे राहतो. तेच गुडघाभर पाणी पऱ्ह्यातून धावत आले तर धडधाकट माणूस आडवा होतो, आणि खांद्यावर मूल असेल तर तोल आधीच वर गेलेला असतो.

काय पाहावे, काय टाळावे

निघण्याआधी आकाशवाणीवर किंवा मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा ऐका. लाल किंवा नारिंगी असला तर त्या दिवशी घरी भजी करा. कोठे जातो आणि कितीला परत येणार हे घरी सांगून जा, कारण घळीत मोबाइलला रेंज नसते. तेथील वाडीत विचारा. दुकानातल्या पोराला नव्हे, गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्याला.

तेथे पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून धरून ठेवा आणि हे काम घरातल्या लहान मुलावर सोपवा. मुले असे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात, हे मी अनुभवाने सांगतो. दगड बुडू लागला, पाण्यात काड्या-पाला वाढला, रंग गढूळला, किंवा वरून घरघर ऐकू आली, यांतले काहीही एक झाले तरी पुरे. चपला राहिल्या तर राहू द्या, डबा राहिला तर राहू द्या, काठ चढा. ज्या अंगाला असाल त्याच अंगाला चढा. पलीकडे घर असले तरी ओलांडू नका. रात्र झाली तर रात्र काढा. रेंज मिळाली तर ११२ हा क्रमांक आहे. आमच्यासारखे तीन तास बसणे हे फार तर लाजिरवाणे आहे.

डोहात पोहू नये. गावच्या तळीत पोहणारा तरबेज गडीही धबधब्याखालच्या डोहात फसतो, कारण वरून पडणारे पाणी त्याला खाली दाबते आणि कडेचा खडक शेवाळाने गुळगुळीत असतो, हाताला धरायला काही मिळत नाही.

जळवांची भीती बाळगू नका. मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावले की सुटतात. ओढून काढली तर जखम चिघळते. रक्त थोडा वेळ वाहत राहते, कारण रक्त गोठू न देणारा रस ती सोडते. घाबरण्यासारखे ते नाही. घाबरावे ते फुरशाला. वीतभर लांब, मातकट, कातळावर आणि दगडाखाली राहणारे हे जनावर रत्नागिरीकराला नवे नाही, पण धबधब्याच्या नादात आपण दगड उलटतो आणि गवतात बसतो. चावलेच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता, माणसाला चालू न देता, १०८ ची गाडी बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालयात न्या. तेथील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

दारूच्या बाटल्यांविषयी किती लिहावे? धबधब्यावर फुटलेली बाटली पहिल्या पुरात खाली येते आणि भातखाचरात अनवाणी उभ्या असलेल्या आपल्याच बायकांच्या पायात शिरते. वाडीने एकत्र बसून वाटेवर एक माणूस ठेवावा, बाटली वर जाऊ देऊ नये. काही गावे असे करू लागली आहेत. त्याच वाटेवर बचत गटाने भाकरी-पिठले आणि चहा ठेवला तर चार पैसेही गावात राहतात.

आणि एक सांगतो. मार्लेश्वराच्या वरचे रान हे चांदोलीचे रान. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. शृंगारपूरहून प्रचितगडाला चढणारी जुनी वाट आहे, ती माहितगार माणसाबरोबर आणि पावसाळा सरल्यावर करावी.

तीच दरी संक्रांतीला

ज्याला धबधबा खरा समजून घ्यायचा आहे, त्याने तो दोनदा पाहावा. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते, हजारो माणसे जमतात. तेव्हा पाणी बारीक झालेले असते, पण असते. का असते, तर वरचे रान शाबूत आहे म्हणून. पालापाचोळ्याचा थर आणि मुळांनी पोखरलेली माती पावसाचे पाणी पोटात घेते आणि पुढे कपारींतून थेंब थेंब सोडते. रान असले म्हणजे पूर येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. श्रावणापर्यंत जमीन तुडुंब भरलेली असते, मग वर पडेल ते सगळे खालीच येते. रानाचा खरा गुण दिवाळीनंतर कळतो.

तुमच्या वाडीवरच्या डोंगराशी ताडून पाहा. जेथे दर आठ-दहा वर्षांनी जळाऊ लाकडासाठी सरसकट तोड होते, तेथला पऱ्ह्या पावसात लाल वाहतो आणि डिसेंबरात कोरडा पडतो. भाजावळीसाठी कवळ तोडतात आणि पातेरा झाडून नेतात, तेथेही तेच. भाजावळ सोडा हे मी तीस वर्षे सांगत आलो. निम्म्यांनी ऐकले, निम्मे माझ्या तोंडावर हो म्हणतात. असो. निदान पऱ्ह्याच्या दोन्ही काठांची झाडे तेवढी ठेवा. आणि नोव्हेंबरात, पाणी वाहते आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. दहा-पंधरा माणसांचे एका दिवसाचे काम. फेब्रुवारीपर्यंत गुरांना पाणी राहते, वाल-कुळथाला आणि परसातल्या भाजीला ओल मिळते.

त्याच वेळी पऱ्ह्यातून वर चालत जा, मुलांना घेऊन. पाणी कमी असते, फुरशावर नजर ठेवली की झाले. आणि चालताना खाली नव्हे, वर पाहा. काठच्या झाडांच्या फांद्यांत वाळका पाला, काटक्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. पूर कोठवर चढला होता त्याची ती खूण.

२००८ च्या त्या ऑगस्टनंतर मी संक्रांतीला सासुरवाडीला गेलो आणि एकटाच पऱ्ह्यात उतरलो. आम्ही बसलो होतो ती किंजळ सापडली. कारवीच्या वाळक्या काठ्यांची मोळी तिच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात रुतून बसली होती. आमच्या दिवशीचे पाणी बुंध्याशी आले नव्हते, तेव्हा ही मोळी त्यानंतर केव्हातरी आलेल्या पुराची. मी हात वर केला. बोटे पोचली नाहीत.